कोपराच्या मापाने

आमच्या आळीत पूर्वी एक छापखाना होता. शाळेतून येताना मी त्याच्या दारात थांबायचे आणि खिळे जुळवणाऱ्या काकांकडे बघत राहायचे. उतरत्या चौकटीवर ठेवलेली लाकडी केस, तिच्यात अक्षरांचे खणच खण, डाव्या हातात स्टिक आणि खणांवरून झरझर फिरणारा उजवा हात. काका हे काम उभ्याने करत. केस त्यांच्या कोपराच्या बेताने यायची. त्यांच्याहून बुटका असलेला दुसरा कामगार पायाखाली जाड फळी घेऊन उभा राहायचा. ओळी जुळून झाल्या की त्या गॅलीत ठेवायला चार पावलं चालायचं, परत यायचं. पुढे मी मुद्रितशोधनाचं काम करू लागले तोवर खिळे भंगारात गेले होते. काम अक्षरांचंच राहिलं, पण आम्ही सगळे खुर्चीत बसलो ते बसलोच.

25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली आणि ती खुर्चीही गेली. दोन खोल्यांच्या घरात मी पलंगावर मांडी घालून, समोर पाट आणि पाटावर लॅपटॉप ठेवून रोज आठ-नऊ तास मुद्रितं वाचली. जुलैतल्या एका सकाळी न्हाणीघरातली अर्धी बादली उचलताना कमरेत अशी चमक भरली की भिंतीला धरून उभी राहिले. ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला तपासलं त्यांनी व्यायाम दिले आणि निघताना विचारलं, "तुमच्या घरात तुमच्या कोपराएवढं उंच काय काय आहे?" मला सांगता येईना. घरी आले, शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि सगळं घर मोजलं. त्या मोजणीतून आणि नंतर केलेल्या चुकांतून जे कळलं, ते इथे सांगते आहे. उभ्याने काम करायचं तयार टेबल बाजारात मिळतं, पण त्याला बरेच पैसे आणि बरीच जागा लागते. बहुतेकांच्या घरी ते आहे त्या सामानातून उभं राहू शकतं.

आधी दुखणं ओळखा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगात 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या सुमारे नव्वद टक्के लोकांच्या बाबतीत ज्यावर नेमकं बोट ठेवता येईल असा एखादा आजार किंवा मणक्यातला बिघाड सापडत नाही. याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा मुळीच नाही. आपण दिवस कसा काढतो, किती वेळ एकाच स्थितीत अडकून राहतो, किती हालतो, किती झोपतो, कशाच्या ताणाखाली असतो, या सगळ्यांत मिळून ते दडलेलं असतं. त्यातली एक गोष्ट, म्हणजे अडकून राहणं, टेबलाने सुधारता येते.

पण टेबल रचण्याआधी तीन दिवस एक वही जवळ ठेवा. कंबर कधी दुखते आणि कशाने थांबते, एवढंच लिहा. बसून किंवा वाकून दुखतं आणि उठून चाललं की मोकळं वाटतं, असं असेल तर उभ्याचं टेबल तुम्हाला उपयोगी पडण्याची शक्यता चांगली आहे. कुठल्याही स्थितीत अर्ध्या-पाऊण तासाने दुखतं आणि स्थिती बदलली की थांबतं, असं असेल तरीही. बहुतेक जण याच दुसऱ्या गटातले असतात.

तिसरा प्रकार उलटा आहे. उभं राहिलं किंवा थोडं चाललं की कंबर आणि पाय भरून येतात, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. मॉलमधली ढकलगाडी धरून, तिच्यावर जरा ओणवं होऊन चाललं की चालता येतं, असं साठीच्या पुढची माणसं सांगतात. मणक्यातून जिथून नसा जातात ती वाट अरुंद झाली असेल तर असं होतं. अशा माणसाने उभ्याने काम करणं म्हणजे दुखणं वाढवणं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी टेबल रचायला निघाला असाल तर आधी त्यांना हे नक्की विचारा, आणि डॉक्टरांना दाखवा.

वाकणं वेगळं, बसणं वेगळं

बसणं वाईट आणि उभं राहणं चांगलं, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 1960 च्या दशकात स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी सुई घालून जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीतला दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसताना दाब जास्त असतो, आणि पुढे वाकून बसताना त्याहूनही जास्त, असं त्यांना दिसलं. पुढे 1999 मध्ये जर्मनीतल्या विल्के आणि सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या गादीत दाबमापक बसवून तो जवळजवळ दिवसभर मोजला. सैल उभं राहताना दाब 0.5 मेगापास्कल भरला आणि सैल बसताना 0.46. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण पूर्ण पुढे वाकून बसल्यावर तोच आकडा 0.83 वर गेला.

मला या आकड्यांतून एक गोष्ट पक्की कळली. पलंगावर मांडी घालून मी जे करत होते, त्यात माझं बसणं जितकं नडलं त्यापेक्षा पाटावरच्या लॅपटॉपकडे वाकणं नडलं. आणि म्हणूनच ज्यांनी घाईने लॅपटॉप उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर नेला त्यांची कंबरदुखी थांबली नाही. ओट्यावरच्या पडद्याकडे बघायला त्यांना तितकंच वाकावं लागत होतं, फक्त आता पायही दुखायला लागले होते. उभ्याच्या टेबलाचा सगळा जीव त्याच्या उंचीत आहे.

उंची कशी काढायची

काम करताना पायात जे घालणार असाल ते घालून सपाट जमिनीवर उभे राहा. खांदे सैल सोडा. हे जमत नसेल तर एकदा खांदे कानांपर्यंत वर ओढून धपकन सोडा, मग ते आपल्या जागी येतात. कोपर अंगाजवळ ठेवून काटकोनात दुमडा. दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजायला सांगा. कीबोर्डचा वरचा भाग या मापाला किंवा त्याच्या बोटभर खाली यायला हवा.

ढोबळ हिशोब हवा असेल तर कोपराची उंची माणसाच्या एकूण उंचीच्या साधारण 63 टक्के असते. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून सुमारे 40 इंचांवर येतं, पाच फूट सात इंच उंचीच्या पुरुषाचं 42 इंचांवर. आपल्याकडे ओटा बहुतेक घरांत 32 ते 34 इंच उंच असतो, जेवणाचं टेबल 30 इंच. आता आकडेच बोलतात. ओट्याला सहा ते दहा इंच कमी पडतात, जेवणाच्या टेबलाला दहा-बारा इंच. ही उणीव भरून काढणारी, न हलणारी वस्तू शोधणं, एवढंच आपलं काम आहे.

हाताने लिहिणार असाल, मुद्रितं तपासणार असाल किंवा वह्या तपासणार असाल तर फळी कोपराच्या आणखी दोन-तीन इंच वर घ्या आणि जमलं तर तिला उतार द्या. नाही तर मान खाली जाते. जुन्या पेढ्यांवर मुनीम ज्या उतरत्या झाकणाच्या पेटीवर वह्या लिहीत, तो उतार उगाच नव्हता. मी वीतभर उंच जाड ठोकळा मागच्या बाजूला लावून प्लायची फळी तिरपी केली आहे, आणि कागद घसरू नयेत म्हणून खालच्या कडेला पट्टी ठोकली आहे.

नवरा-बायको दोघं एकच टेबल वापरणार असाल तर उंच माणसाच्या मापाने रचा आणि दुसऱ्याच्या पायाखाली पाट द्या. छापखान्यातली ती फळी आठवा. पाट मात्र रुंद हवा, दोन्ही पाय मोकळेपणी मावून इकडेतिकडे करता येतील इतका.

घरात काय काय आहे

ओट्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यांची पहिली नजर तिथेच जाते. ओटा भक्कम असतो, ही त्याची जमेची बाजू. पण तिथे पाणी आहे, तेल आहे, गॅस आहे, आणि घरात जे कुणी स्वयंपाक करतं त्याची ती जागा आहे. लॅपटॉपची वायर शेगडीजवळून नेणं हा धोका आहे, तो पत्करू नका. आणखी एक अडचण चटकन लक्षात येत नाही. हल्लीच्या ओट्याखाली ट्रॉल्या असतात. त्यांच्या तळाशी पायाची बोटं आत जायला जागा सोडलेली नसेल तर आपण ओट्यापासून लांब उभे राहतो आणि मग कमरेतून पुढे झुकतो. कुठलंही फर्निचर निवडताना खाली बोटं आत जातात की नाही हे आधी बघा.

जेवणाचं टेबल आणि त्यावर चौरंग ही जोडी मला फार आवडते. पूजेचा लहान नव्हे, जेवायला बसताना ताट ठेवायचा मोठा चौरंग, दहा-बारा इंच उंचीचा. 30 आणि 10 मिळून 40. चौरंगाचे चार पाय सारखे टेकले पाहिजेत. डुगडुगत असेल तर ज्या पायाखाली फट आहे तिथे रबराचा तुकडा चिकटवा. घडी घातलेला कागद दोन दिवसांत निसटतो. काम संपलं की चौरंग उचलून भिंतीशी ठेवला की टेबल जेवायला मोकळं.

फ्रीज बुटका असेल तर त्याचा माथा टाइप करायला उंच पडतो, पण फोनवर बोलताना समोर वही ठेवायला किंवा वाचायला चालतो. वॉशिंग मशीन साधारण 85 सेंटिमीटर, म्हणजे ओट्याएवढं. चालू असताना त्याच्यावर काही ठेवायचं नाही. इस्त्रीचं घडीचं टेबल वरखाली होतं म्हणून मोह होतो. पण ते गादीचं आणि लटपटतं असतं. त्यावर लॅपटॉप ठेवून टाइप केलं तर पडदा सारखा हलतो आणि डोळे शिणतात. मी दोन आठवडे वापरलं आणि सोडून दिलं.

सगळ्यांत चांगली वस्तू मला माळ्यावर सापडली. नटबोल्टची लोखंडी मांडणी. दुकानांत, गोदामांत, आणि पूर्वी बऱ्याच घरांत पिंप-डबे ठेवायला जी असायची ती. तिच्या उभ्या पट्ट्यांना खालपासून वरपर्यंत भोकं असतात, म्हणजे फळी हव्या त्या भोकाला लावता येते. एक फळी कोपराच्या उंचीला लावायची, तिच्यावर कीबोर्ड आणि माऊस. दुसरी तिच्या वर, लॅपटॉपचा पडदा डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर. खालच्या फळ्यांवर जड सामान, म्हणजे तांदळाची पिंपं किंवा पुस्तकांचे गठ्ठे ठेवायचे. त्यामुळे मांडणी जागची हलत नाही. बहुतेक मांडण्या बारा किंवा पंधरा इंच खोल असतात. पंधरा इंची असेल तर उत्तम. बारा इंची असेल तर फळीवर अठरा इंच रुंद प्लायचा तुकडा टाका आणि खालून दोन बोल्टांनी आवळून घ्या. वरच्या बाजूला मांडणी भिंतीला एका पट्टीने पक्की करायलाच हवी. घरात लहान मूल असेल तर हे आधी, बाकी सगळं नंतर. फळीच्या धारदार कडांना जुन्या सायकलची ट्यूब चिरून लावली की मनगटांना काचत नाही.

भिंतीवर घडीची फळी हा सुताराकडून करून घ्यायचा पर्याय आहे. 19 मिलिमीटर जाडीचा दोन फूट बाय दीड फूट प्लाय आणि घडी होणारे दोन लोखंडी ब्रॅकेट. लाकडाच्या वखारीत किंवा सुताराकडे प्लायचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. जिप्समच्या पोकळ भिंतीवर हे लटकवू नका. भाड्याच्या घरात मालकांना विचारून घ्या. लहान घरात मला हा पर्याय मांडणीच्या खालोखाल पसंत आहे, कारण नको तेव्हा फळी भिंतीला चिकटून राहते.

आता काय वापरू नये. पुठ्ठ्याचे खोके आठवड्यात बसतात. डब्याच्या झाकणावर लॅपटॉप घसरतो. टेबलावर प्लास्टिकचं स्टूल ठेवणं तर कधीच नको. पुस्तकांची चळत चालते, पण सारख्या आकाराची पुस्तकं घेऊन सुतळीने चारी बाजूंनी करकचून बांधा. रचना कुठलीही असो, लॅपटॉप ठेवण्याआधी तिच्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवा आणि दोन्ही हातांनी टाइप करताना टेकता तसं टेकून बघा. पाणी सांडलं तर रचना परत करा.

लॅपटॉपची अडचण

लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. कळा कोपराशी आणल्या की पडदा छातीशी येतो आणि मान खाली जाते. पडदा डोळ्यांशी नेला की हात खांद्यांवरून टांगले जातात. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं, आणि ते पुढे कललं की त्याचा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. कंबर वाचवायला जाऊन मान आखडून बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की या सगळ्या खटाटोपात पैसे खर्च करायचेच असतील तर ते वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेण्यावर करा. काही शेकड्यांत साधी जोडी येते. लॅपटॉप मग फक्त पडदा म्हणून वर ठेवायचा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. चाळिशीच्या पुढच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आपण खालच्या भागातून वाचतो, म्हणून पडदा वर असला की हनुवटी उचलावी लागते. तुम्ही पडदा चार बोटं आणखी खाली घ्या. लॅपटॉपच्या तळाशी हवा जाण्याच्या जाळ्या असतात. तो सतरंजीवर किंवा उशीवर ठेवू नका. खिडकी बाजूला असावी, पाठीमागे नसावी.

वेगळा कीबोर्ड नसेल तोवर उभ्याने टाइप करू नका. उभ्याने फोन घ्या, मीटिंग ऐका, वाचा. लिहायला बसा. तेवढ्यानेही दिवसातला तासभर बसणं कमी होतं.

उभं राहायचं कसं

घरोघरी आता टाइल किंवा मार्बल आहे. त्यावर अनवाणी उभं राहिलं की पंधरा मिनिटांत टाचा बोलायला लागतात. सतरंजीची किंवा जुन्या गोधडीची चौपदरी घडी पायाखाली घ्या, नाहीतर योगाची मॅट दुहेरी करून घ्या. कडांना पाय अडकू नये एवढं पाहा. मऊ तळव्याची घरातली चप्पलही चालते, फक्त उंची मोजतानाही तीच पायात हवी.

एक पाय चार-सहा इंच उंच ठेवा आणि दर काही मिनिटांनी पाय बदला. आडवी ठेवलेली वीट, पालथा पाट, काहीही चालेल. रस्त्याच्या कडेला दिवसभर उभ्याने इस्त्री करणारे टेबलाच्या खालच्या आडव्या पट्टीवर एक पाय टाकून उभे राहिलेले दिसतात. पाय वर घेतला की कमरेचा जास्तीचा बाक थोडा कमी होतो आणि ताण वाटला जातो. गुडघे मागे ताठ करून कुलूप लावल्यासारखे उभे राहू नका. एका खुब्यावर सगळा भार टाकून लचकत उभं राहायची सवय बहुतेकांना असते. ती पूर्ण मोडली नाही तरी चालेल, बाजू मात्र बदलत राहा. पोट टेबलाला टेकवून त्यावर रेलणं टाळा.

किती वेळ

इथेच सगळे चुकतात. मीही चुकले. मांडणी तयार झाली त्या उत्साहात पहिल्या दिवशी चार तास उभी राहिले आणि रात्री पोटऱ्यांत गोळे आले. पुढचे पाच दिवस मांडणीकडे फिरकले नाही.

पहिल्या आठवड्यात दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं पुरे. दुसऱ्या आठवड्यात पंधरा-पंधरा करा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले ॲलन हेज यांनी दर अर्ध्या तासाची एक सोपी वाटणी सुचवली आहे. वीस मिनिटं बसा, आठ मिनिटं उभे राहा, दोन मिनिटं हालचाल करा. घड्याळ लावून हे दिवसभर पाळणं मला जमलं नाही, पण कामांशी बांधून घेतल्यावर जमलं. प्रत्येक फोन उभ्याने. प्रत्येक प्रकरणाचं शेवटचं वाचन उभ्याने. पाण्याची बाटली हाताशी ठेवायची नाही, दर वेळी उठून माठापाशी जायचं. 2015 मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत कार्यालयीन वेळेत आधी रोज दोन तास उभं राहणं किंवा हलकी हालचाल, आणि हळूहळू ती चार तासांपर्यंत नेणं, असं सुचवलं आहे. त्यात चालणंही धरलं आहे, हे विसरू नका.

उभ्याने दुखायला लागलं तर लगेच बसा. सहन करत उभं राहण्यात काही मिळत नाही. वजन कमी होईल म्हणून कुणी उभं राहणार असेल तर तेही सांगते. 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा उभं राहण्यात बसण्यापेक्षा मिनिटाला फक्त 0.15 कॅलरी जास्त जळतात असं दिसलं. सहा तास उभं राहिलं तरी 54 कॅलरी, एका पोळीपेक्षाही कमी.

दिवसभर उभं राहण्याची किंमत काय असते हे ज्यांना पर्याय नाही त्यांना विचारा. कापड दुकानांतल्या बायकांना बारा-बारा तास बसायला मिळत नव्हतं. त्यांच्या लढ्यानंतर 2018 मध्ये केरळने दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला आणि 2021 मध्ये तमिळनाडूनेही दिला. आपल्याकडे वाहतूक पोलीस, केशकर्तनकार, शिक्षक यांच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा बघा. आपल्याला बसायची आणि उठायची दोन्ही मुभा आहे. तिचा उपयोग करून घ्यायचा तो आलटून-पालटून.

आणि बसायचा जो वेळ उरेल तोही जरा नीट काढा. कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी, पाय लोंबत असतील तर खाली पाट. एवढ्यावर तो विषय थांबवते.

कोणी सांभाळून राहावं

पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, टाचदुखी असेल, गुडघे झिजलेले असतील, दिवस गेलेले असतील, रक्तदाब उभ्याने खाली येऊन चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उभ्याचं टेबल सुरू करू नका. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झालेल्यांनीही. त्यांना टाचेला झालेली जखम कळत नाही.

कंबरदुखीसोबत पुढचं काही असेल तर टेबल बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. पायातली ताकद कमी होणं, पाऊल उचलताना ओढलं जाणं. ताप, भूक मंदावणं, वजन उतरणं, रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं. आपल्या देशात मणक्याचा क्षय आजही होतो, आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच हट्टी पाठदुखीने होते. वेळेवर कळला तर औषधांनी बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, हाडं ठिसूळ झालेल्या वयात साध्या धक्क्याने कळ आली असेल, तरी उशीर नको. आणि मांड्यांच्या आतला, बैठकीचा भाग बधिर वाटत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा. तिथे उशिराची भरपाई होत नाही.

माझी मांडणी आता खिडकीपाशी आहे. कंबरदुखी पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. पावसाळ्यात, कामाच्या गर्दीत ती आठवण करून देते. पण बादली उचलते, नातवाला उचलते, आणि संध्याकाळी भिंत धरावी लागत नाही.

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या प्रत्येकाचं कोपर मोजा आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून नाव लिहा. मग त्या खुणेच्या उंचीचं घरात काय आहे ते शोधत फिरा. टेप नसेल तर सुतळी चालेल.